"समजलं का?" विचारणं थांबवल्यावर

प्रश्न असा आहे : दहा-पंधरा वर्षं शिकवून झाली, प्रशिक्षणं झाली, प्रमाणपत्रांची फाईल जाड झाली, तरी वर्गात उभं राहिलं की तास पूर्वीसारखाच होतो. मग आधुनिक अध्यापन म्हणजे नेमकं काय, आणि शिक्षक म्हणून स्वतःत सुधारणा करायची तर सुरुवात कुठून करावी?

सुरुवात स्वतःच्याच एका तासाच्या ध्वनिमुद्रणापासून करा. नवी पद्धत, नवं ॲप, पुढचं प्रशिक्षण हे सगळं नंतर. मोबाइल फ्लाइट मोडवर टाकायचा, रेकॉर्डर सुरू करून टेबलावर पालथा ठेवायचा आणि नेहमीसारखा तास घ्यायचा. मुलांचे आवाज त्यात येणार, म्हणून शाळेत आधी विचारून घ्या आणि मोजदाद झाली की फाईल पुसून टाका. ४० मिनिटं पूर्ण ऐकायची गरज नाही. पहिली दहा मिनिटं सोडून पुढची १५ ऐका, कारण सुरुवातीला रेकॉर्डिंग चालू आहे हे आपल्या डोक्यात असतं आणि आपण जरा शहाण्यासारखं वागतो.

ऐकताना कागदावर चार रकाने पाडा. आपण किती वेळ बोललो, किती प्रश्न विचारले, प्रश्न संपल्यापासून पुढचा आवाज येईपर्यंत किती सेकंद गेले, आणि वेगवेगळी किती मुलं बोलली. सेकंद अंदाजाने लिहू नका, प्लेअरवर दिसतात ते बघून लिहा. अमेरिकेतले शिक्षण-संशोधक नेड फ्लँडर्स यांनी १९६० च्या दशकात वर्गातल्या संवादाची अशीच मोजणी केली, तेव्हा साधारण दोन-तृतीयांश वेळ कोणी ना कोणी बोलत असतं आणि त्यातला दोन-तृतीयांश वाटा शिक्षकाचा असतो, असं त्यांना आढळलं. तुमचा आकडा याच्या आसपास आला तर दचकू नका. पण तिसरा रकाना नीट पाहा, कारण बहुतेकांची गाडी तिथेच अडलेली असते.

अमेरिकेतल्या संशोधक मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असं दिसलं. १९७० च्या दशकात त्यांनी हे निष्कर्ष मांडले. थांबण्याचा वेळ तीन सेकंदांच्या वर गेल्यावर उत्तरं लांबली, न विचारता बोलणारी मुलं वाढली आणि "माहीत नाही" कमी झालं. यातला एक भाग सहसा सांगितलाच जात नाही. थांबायच्या जागा दोन आहेत : प्रश्नानंतर, आणि मुलाने उत्तर दिल्यानंतर. दुसरी जास्त कामाची. मूल बोलून थांबलं की आपण लगेच "छान!" म्हणतो आणि तिथे विचाराचं दार लागतं. तिथे तीन सेकंद गप्प राहिलं, की तेच मूल "…कारण" म्हणून पुढे बोलतं, किंवा दुसरं कोणी "पण बाई…" करून आत शिरतं.

तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात, वर्गात मात्र फार लांब होतात. ते भरून काढण्यासाठी आपण तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारतो, मग तिसऱ्या. मुलाच्या दृष्टीने प्रत्येक वेळी नवा प्रश्न, म्हणजे विचार पुन्हा पहिल्यापासून. म्हणून प्रश्न एकदाच विचारा, तो फळ्यावर लिहा, आणि लिहून झाल्यावर मुलांकडे वळण्याआधी खडू खाली ठेवा. इतक्या हालचालीत दोन सेकंद आपोआप जातात. आणि एक : वर आलेल्या पहिल्या हाताकडे बघू नका. नजरानजर झाली की बाकीचा वर्ग सुटला.

आता "समजलं का?" बद्दल. या प्रश्नाचं उत्तर "होऽऽ" असतं हे शिक्षकालाही माहीत असतं आणि मुलांनाही. त्याचंच दुसरं रूप म्हणजे वाक्याचं शेपूट मुलांकडून पूर्ण करून घेणं : "वनस्पती अन्न कशात तयार करतात? पानां…?" "…त!" सगळा वर्ग एका सुरात. ऐकायला उत्साही वाटतं, पण पुढच्या दोन बाकांवरची चार मुलं बोलतात आणि बाकीची अर्ध्या क्षणाने सूर मिसळतात, एवढंच त्यात घडतं. रेकॉर्डिंग हळू गतीने लावलं तर हा अर्धा क्षण स्पष्ट ऐकू येतो. सामूहिक उत्तर पाठांतराला ठीक आहे, पाढे, कविता, उच्चार यांना. कोणाला कळलं आणि कोणाला नाही हे शोधायला ते निरुपयोगी.

शोधायला काय वापरायचं? प्रत्येक मुलाकडे एक छोटी पाटी. खडूची असो, पांढरी असो, नाहीतर प्लॅस्टिकच्या पारदर्शक पिशवीत घातलेला कोरा पुठ्ठा आणि पुसता येणारं पेन. प्रश्न विचारायचा, एक मिनिट लिहायला द्यायचं, "दाखवा" म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम पाटी वर. "एकदम" हा शब्द महत्त्वाचा, कारण एकेक करून वर आल्या की शेजारच्याची बघून पुसापुशी सुरू होते. पहिल्या आठवड्यात पाट्यांवर चित्रं निघतात, पेनं हरवतात, पुसायला बाही वापरली जाते. वाटप आणि गोळा करणं रांगेतल्या ठरलेल्या मुलांकडे दिलं आणि "पाटी उलटी" ही एकच सूचना रुळली की दहा दिवसांत गोंधळ ओसरतो.

पण पाटी हे फक्त साधन. खरी मेहनत प्रश्न तयार करण्यात आहे, आणि शिक्षकाची वाढ मोजायची असेल तर मी तिथेच मोजेन. दशांश अपूर्णांकांचं उदाहरण घेऊ. "०.८ आणि ०.३५ यांत मोठी संख्या कोणती?" हा पुस्तकी प्रश्न. बरोबर उत्तर ०.८. पण हे उत्तर दोन प्रकारची मुलं देतात. एक, ज्यांना स्थानिक किंमत कळली आहे. दुसरी, ज्यांनी मनाशी "दशांश चिन्हानंतर अंक कमी तेवढी संख्या मोठी" असा नियम बनवला आहे. शतांश दशांशापेक्षा लहान असतो हे त्यांना कळलेलं असतं, त्यावरून त्यांनी काढलेला हा चुकीचा निष्कर्ष. आपल्या प्रश्नाने त्यांना बरोबरची खूण मिळाली आणि गैरसमज आणखी पक्का झाला.

आता प्रश्न बदला : ०.२३६, ०.५, ०.६२ यांतली सर्वांत मोठी कोणती? ज्याने ०.२३६ लिहिलं, तो दशांश चिन्ह झाकून २३६, ५ आणि ६२ अशा पूर्ण संख्या वाचतो आहे. ज्याने ०.५ लिहिलं, तो वरच्या "कमी अंक" नियमावर चालतो आहे. ०.६२ लिहिणाऱ्याकडे हे दोन्ही गैरसमज नाहीत. एका प्रश्नात तीन निदानं, आणि तपासायला वीस सेकंद. पहिल्या गटाला दशांश चिन्ह म्हणजे काय इथपासून सांगावं लागतं. दुसऱ्या गटाला १०० चौकोनांच्या जाळीवर ५० आणि ६२ चौकोन रंगवून दाखवले की बहुतेकदा काम होतं. दोघांना तोच धडा पुन्हा मोठ्या आवाजात सांगून काहीच होत नाही.

असा प्रश्न तयार करायची रीत : आधी चुकीची उत्तरं गोळा करा, प्रश्न मागून लिहा. गेल्या वर्षीच्या उत्तरपत्रिकांतल्या, वह्यांतल्या चुका एका वहीत टिपत गेलात, तर एका घटकाला चार-पाच ठरलेल्या चुका असतात असं दिसेल. त्या पर्यायांत बसवा. कोणीच निवडणार नाही असा पर्याय नुसती जागा अडवतो, काढून टाका. आणि दोन वेगळ्या विचारांनी एकाच उत्तराला पोहोचता येत असेल, तर प्रश्न पुन्हा लिहा. एका घटकाला असे दोन उत्तम प्रश्न पुरे. वर्षभरात २५-३० जमले की ती तुमची स्वतःची प्रश्नपेढी. कोणत्याही प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रापेक्षा मी तिला जास्त किंमत देईन.

पाट्या वर आल्या, मग पुढे काय करायचं हे आधी ठरलेलं हवं. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मॅझुर यांनी हार्वर्डमध्ये १९९० च्या दशकात रूढ केलेली पद्धत इथे उपयोगी पडते. बरोबर उत्तरं साधारण ३० टक्क्यांच्या खाली असतील तर चर्चा लावू नका, कारण चुकीचंच मत बहुमताने पसरतं. थांबा आणि वेगळ्या तऱ्हेने पुन्हा शिकवा. ३० ते ७० टक्के असतील तर जोडीत चर्चा आणि मग पुन्हा मत. ७० च्या वर असेल तर थोडक्यात कारण सांगून पुढे, आणि उरलेल्या मुलांची नावं टिपून ठेवा. पहिलं मत घेतल्यावर बरोबर उत्तर सांगायचं नाही, चेहऱ्यावरूनही नाही. हेच सगळ्यात अवघड जातं.

जोडीतली चर्चा फसते ती दोन कारणांनी. एक, मुलांना बोलायला सांगण्याआधी एकट्याने लिहायला दिलेलं नसतं, त्यामुळे हुशार मूल बोलतं आणि दुसरं मान डोलवतं. दुसरं, वेळ जास्त दिलेला असतो. एक मिनिट लिहिणं, दोन मिनिटं बोलणं, एवढंच. पाच मिनिटं दिलीत तर शेवटची तीन कशात जातात हे सांगायला नको. नंतर विचारताना "तुझं उत्तर काय?" ऐवजी "तुझ्या जोडीदाराचं म्हणणं काय होतं?" असं विचारा. ऐकणं आपोआप सक्तीचं होतं. चारच्या वर मुलांचा गट करू नका. सहा जणांच्या गटात दोन जण कागद धरून बसलेले असतात.

कोणाला विचारायचं, याचीही एक साधी तजवीज आहे. नावांच्या चिठ्ठ्या डब्यात. आधी प्रश्न, मग थांबणं, मग चिठ्ठी. नाव आधी घेतलं तर इतर ३९ जणांना सुट्टी. चिठ्ठीतलं मूल "माहीत नाही" म्हणालं तर त्याला उभं ठेवायचं नाही आणि सोडूनही द्यायचं नाही. आणखी दोघांना विचारायचं, मग परत त्याच्याकडे : "या दोघांपैकी कोणाचं पटतं, आणि का?" चार-सहा वेळा असं झालं की "माहीत नाही" ही पळवाट उरत नाही, आणि अपमानही होत नाही. अतिशय बुजऱ्या मुलाची चिठ्ठी निघाली तर पाटीवर बरोबर लिहिलेलं दिसल्यावरच त्याला बोलतं करा. डब्यातून काय निघालं हे फक्त तुम्हालाच दिसतं, त्याचा फायदा घ्यायला हरकत नाही.

तासाची सुरुवात हा दुसरा भाग, तुलनेने सोपा आणि लगेच गुण देणारा. हजेरी चालू असताना फळ्यावर पाच छोटे प्रश्न : दोन कालच्या तासाचे, दोन गेल्या आठवड्याचे, एक महिन्यापूर्वीचा. वही बंद, चार मिनिटं लेखन, तीन मिनिटं स्वतः तपासणं. गुण द्यायचे नाहीत, नोंदवायचे नाहीत. आठवायचा प्रयत्न हाच अभ्यास, हे तत्त्व जुनंच आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते, तर आठवून लिहिणारे आठवड्यानंतरच्या चाचणीत. म्हणूनच मुलांना, आणि पालकांनाही, वाचणं म्हणजेच अभ्यास असं वाटतं : वाचल्या वाचल्या सगळं येतंय असा भास होतो.

हे का फसतं तेही सांगतो. कोणी तरी याला "रोजची चाचणी" असं नाव देतं, गुण वहीत चढतात, आणि चौथ्या दिवशी नकला सुरू होतात. किंवा प्रश्न इतके अवघड असतात की पाचपैकी एकच येतो. पाचातले तीन-चार बहुतेकांना यावेत, असा नेम धरावा. किंवा उत्तरं नुसती तोंडी भराभर सांगून टाकतात, त्यामुळे चुकलेलं चुकलेलंच राहतं. उत्तर फळ्यावर लिहा, मुलांनी वेगळ्या रंगाच्या पेनाने दुरुस्त करावं. आणि ही सात मिनिटं बारा झाली, तर समजा तुम्ही दुरुस्ती सोडून पुन्हा शिकवायला लागलात.

नवा भाग शिकवताना एक गोष्ट सुचवतो, विशेषतः गणित आणि व्याकरणाला. आपण एक उदाहरण सोडवून दाखवतो आणि स्वाध्याय देतो. ही उडी नवशिक्याला फार मोठी. मधल्या पायऱ्या घाला. पहिलं गणित पूर्ण सोडवलेलं : १/२ + १/३, म्हणजे ३/६ + २/६, म्हणजे ५/६. दुसऱ्यात शेवटची पायरी मुलांची : १/४ + २/३ = ३/१२ + ८/१२ = किती? तिसऱ्यात फक्त समान छेद दिलेला : १/५ + १/२, छेद १०, पुढचं तुम्ही. चौथं पूर्ण मुलांचं. प्रत्येक सोडवलेल्या पायरीला "इथे ६ का आले, ५ का नाहीत?" असा एक प्रश्न जोडा, नाहीतर मुलं आकडे नुसते उतरवतात. स्वेलर आणि कूपर या संशोधकांनी १९८५ मध्ये बीजगणितावर केलेल्या प्रयोगांपासून सोडवलेल्या उदाहरणांचा हा फायदा वारंवार दिसला आहे. मात्र ज्यांना आधीच जमतं त्यांना हीच पद्धत आडवी येते. त्यांना थेट चौथ्यावर सोडा, बाकीच्यांसाठी ताटकळत ठेवू नका.

तासाच्या शेवटी एक चिठ्ठी. घंटा व्हायच्या पाच मिनिटं आधी, एकच प्रश्न, पाव कागद. "आज काय शिकलात?" हा प्रश्न विचारू नका, त्याला धड्याचं नावच उत्तर म्हणून येतं. नेमकं विचारा. अवस्थाबदल शिकवून झाला असेल तर : "झाकण घट्ट लावलेल्या बाटलीतलं पाणी पूर्ण गोठलं. बाटलीचं वजन वाढेल, घटेल की तेवढंच राहील? कारण एका वाक्यात." वाढेल म्हणणाऱ्यांना गोठून घट्ट झालं म्हणजे जड झालं असं वाटतं. घटेल म्हणणाऱ्यांनी तरंगणारा बर्फ पाहिलेला असतो आणि आकारमान व वस्तुमान यांची त्यांच्या मनात गल्लत आहे. ४० चिठ्ठ्यांवर काहीही न लिहिता तीन गठ्ठे करायचे : कळलं, अर्धवट, नाही. आठ-दहा मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशीच्या तासाची सुरुवात या गठ्ठ्यांवरून ठरते, आणि ती ठरणार नसेल तर चिठ्ठ्या घेऊच नका. त्या कुठेच वापरल्या जात नाहीत हे मुलं तिसऱ्या दिवशी ओळखतात. रोज नको, आठवड्यातून दोनदा पुरे.

वह्या तपासणं हा शिक्षकाचा सर्वांत जास्त वेळ खाणारा आणि बहुधा सर्वांत कमी फळ देणारा उद्योग. एका वहीला तीन मिनिटं धरली तरी ४० वह्यांना दोन तास. मानसशास्त्रज्ञ रूथ बटलर यांच्या १९८८ च्या प्रयोगात नुसता शेरा मिळालेल्या मुलांचं काम सुधारलं. नुसते गुण मिळालेल्यांचं सुधारलं नाही, आणि गुण व शेरा दोन्ही मिळालेल्यांचंही नाही. गुण दिसले की शेरा वाचला जात नाही, असाच याचा अर्थ लागतो. तेव्हा सरावाच्या लेखनाला गुण देऊ नका. शेरा द्यायचा तर मुलाला त्यावर लगेच काही करता येईल असा द्या. "मुद्दे विस्ताराने लिहा" याने काय करायचं ते कळत नाही. "पाणी वाया जातं हे दुसऱ्या परिच्छेदात दोनदा आलंय. दुसरं वाक्य खोड, तिथे एक उदाहरण घाल" याने कळतं. आणि ते करायला दुसऱ्या दिवशी वर्गातच दहा मिनिटं द्या, घरी सांगितलं तर होत नाही.

सगळ्याच वह्यांवर असं लिहिणं शक्य नाही. त्यावर उपाय : आठवड्यातून एका लेखनाच्या सगळ्या वह्या हातात लाल पेन न घेता वाचा. समोर एक कागद ठेवा, त्यावर वारंवार दिसलेल्या चुका, एक-दोन चांगली वाक्यं आणि वेगळं लक्ष द्यावं लागेल अशा चार-पाच मुलांची नावं लिहा. ३५-४० मिनिटं लागतात. पुढच्या तासाला त्या कागदावरून दहा मिनिटं शिकवा, मग मुलांनी आपापली वही दुरुस्त करावी. तपासलेल्या वहीवर लाल शाई दिसलीच पाहिजे, असा शाळेत आग्रह असेल, तर तारीख आणि एक खूण करून हा कागद टाचणवहीला (पाठाच्या तयारीच्या नोंदवहीला) जोडा. विचारणाऱ्याला दाखवायला तो बराच बोलका असतो.

तंत्रज्ञानाबद्दल थोडक्यात, कारण आधुनिक म्हटलं की लोक आधी तिकडेच धावतात. स्लाइडवरचा मजकूर जसाच्या तसा मोठ्याने वाचू नका. मूल वाचत असतं, त्याच वेळी ऐकतही असतं, दोन्ही अर्धवट होतं. स्लाइडवर आकृती आणि तोंडी स्पष्टीकरण, अशी वाटणी चांगली. मोबाइलचा कॅमेरा स्टँडवर लावून मुलाची वही पडद्यावर दाखवता येते, आणि माझ्या मते वर्गातल्या सगळ्या उपकरणांत हे सर्वांत उपयोगी. प्रश्नमंजुषेच्या ॲपमध्ये वेग आणि क्रमवारी बंद ठेवा, नाहीतर मुलं विचार न करता बटण दाबतात आणि मिळणारी माहिती कचरा असते. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं सरावाचे प्रश्न आणि चुकीच्या पर्यायांचा कच्चा मसुदा झटपट देतात. पण उत्तरं स्वतः सोडवून पाहा, कारण आत्मविश्वासाने चुकीचं सांगणं त्यांना छान जमतं. तुमच्या मुलांच्या खऱ्या चुकाही त्यांना ठाऊक नसतात. मुलांची नावं, गुण, वैयक्तिक माहिती त्यात टाकू नका.

आणि हो, "हा दृश्य अध्ययनार्थी, ती श्राव्य" अशा, म्हणजे बघून शिकणारा, ऐकून शिकणारी अशा शैलींनुसार मुलांची वाटणी करून वेगवेगळं शिकवायचा खटाटोप सोडून द्या. २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि सहकाऱ्यांनी यावरच्या संशोधनाचा आढावा घेतला, त्यात अशा वाटणीला पुरेसा आधार मिळाला नाही. चित्र, शब्द, कृती सगळ्यांनाच लागतात, आणि कोणतं कधी हे विषय ठरवतो. नकाशा ऐकून शिकता येत नाही.

आता स्वतःच्या वाढीकडे. इथपर्यंतच्या सगळ्या गोष्टी एकदम सुरू केल्यात तर तीन आठवड्यांत सगळ्याच बंद पडतील. एक सवय, एक वर्ग, सहा आठवडे. पहिले दोन-तीन आठवडे तास आधीपेक्षा वाईट होतो, हे धरून चाला : लय बिघडते, अभ्यासक्रम मागे पडतो, मुलं कुरकुरतात. पद्धत वाईट म्हणून नव्हे, जुनी सवय हात सोडत नाही म्हणून. बहुतेक जण नेमके याच आठवड्यांत सोडून देतात. नवं काही घालताना जुनं काय काढणार हेही लिहून ठेवा. सुरुवातीचे पाच प्रश्न सात मिनिटं घेणार, तर कालच्या धड्याची तोंडी उजळणी आणि फळ्यावरून उतरवून घ्यायच्या टिपा यांतलं काही तरी जायलाच हवं.

एकट्याने हे टिकवणं कठीण, म्हणून एक सहकारी शोधा. वरिष्ठ नको, बरोबरीचा. त्याने १५ मिनिटं मागे बसायचं आणि तुम्ही आधी ठरवून दिलेली एकच गोष्ट पाहायची. उदाहरणार्थ, बाकांचा नकाशा कागदावर काढून तुम्ही ज्याला ज्याला बोलतं कराल त्याच्या जागी रेघ मारायची. बऱ्याचदा पुढची रांग आणि मधला पट्टा रेघांनी भरतो आणि मागचे दोन्ही कोपरे कोरे राहतात. नंतरची चर्चा दहा मिनिटांची, त्याच दिवशी. पाहणाऱ्याने फक्त दिसलेलं सांगायचं : "खिडकीजवळच्या सहा जणांना एकही प्रश्न गेला नाही." "छान झाला पाठ" हे वाक्य दोघांनी मिळून बाद करायचं, आणि "मी असतो तर…" हेही.

जपानमध्ये शिक्षकांचा गट मिळून एकच पाठ आखतो, एक जण तो शिकवतो, बाकीचे वर्गात उभे राहून मुलं काय करतात ते टिपतात आणि नंतर त्या पाठावर एकत्र बसतात. पाहणाऱ्यांची नजर शिक्षकावर नसते, मुलांच्या वहीवर असते. हे तीन-चार जणांतही जमतं, वर्षातून दोन पाठ केले तरी खूप. आपल्याकडे याचं रूपांतर चटकन आदर्श पाठात होतं : आदल्या दिवशी मुलांची तालीम, रंगीत तक्ते, ठरलेली उत्तरं. तसं झालं की शिकण्यासारखं काहीच उरत नाही, कारण फसण्याची शक्यताच काढून टाकलेली असते. म्हणून पाठ मुद्दाम अवघड घटकाचा निवडा, जो दरवर्षी कोणालाच नीट जमत नाही.

चिंतनाची वही ठेवायची असेल तर रोज पानभर लिहायचा संकल्प करू नका. आठवड्यातून दोनदा, निवडलेल्या वर्गाबद्दलच, तीन ओळी : काय होईल असं वाटलं होतं, प्रत्यक्षात काय झालं, पुढच्या वेळी काय बदलणार. पहिली ओळ तासाच्या आधी लिहायची. ती नंतर लिहिली तर आपण आपलीच फसवणूक करतो, घडलं तेच अपेक्षित होतं असं वाटायला लागतं. दुसऱ्या ओळीत "मुलांना मजा आली" चालणार नाही, "३८ पैकी २२ पाट्यांवर ०.६२" असं हवं.

सहाव्या आठवड्यात त्याच वर्गात, शक्यतो तशाच प्रकारच्या घटकाला पुन्हा रेकॉर्डिंग करा आणि तेच चार रकाने भरा. थांबण्याचा सेकंद एकाचे तीन झाले असतील आणि बोलणारी मुलं पाचाची बारा झाली असतील, तर पुढची सवय घ्या. आकडे जागचे हलले नसतील तर नवी सवय निवडू नका. तीच आणखी सहा आठवडे चालवा, फक्त या वेळी सहकाऱ्याला पहिल्याच आठवड्यात मागच्या बाकावर बसवा.